आधी वही दाखवा

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी बिटकॉइन या आभासी चलनाची कल्पना मांडणारा नऊ पानांचा एक निबंध गूढलेखनशास्त्राच्या अभ्यासकांना ई-मेलने पाठवला. बिटकॉइनची कहाणी सांगणारा प्रत्येक जण ही तारीख सांगतो. मला त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत जे घडलं ते जास्त मोलाचं वाटतं. त्या निबंधाला आलेलं पहिलं उत्तर म्हणजे एक शंका होती. जेम्स डोनाल्ड यांनी लिहिलं, अशा व्यवस्थेची फार गरज आहे खरी, पण लागेल तेवढा मोठा पसारा ही पेलू शकेल असं दिसत नाही. सातोशीने ती शंका झटकून टाकली नाही. व्हिसा कार्डाचे रोजचे व्यवहार किती, ते पाठवायला किती बँडविड्थ लागेल, असे आकडे मांडून उत्तर दिलं. ते उत्तर सगळ्यांना पटलं असं नाही. पण शंका आणि आकडे, दोन्ही सगळ्यांसमोर शेजारी शेजारी राहिले, आणि आजही वाचता येतात.

पतसंस्थांचं लेखापरीक्षण करण्यात माझी हयात गेली. दप्तर बघायला गेल्यावर चहाच्या आधी रोखवही मागायची, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं. म्हणून या नाण्यांच्या इतिहासाकडे मी भावाच्या चढउताराकडून पाहत नाही. कुणी सांगितलेलं सत्य दुसऱ्या कुणीतरी, नेमणूक नसताना आणि मानधन नसताना, उघडून तपासायचं, अशी एक रीत तिथे रुजली. ती कशी वाढली, कशी विकली गेली आणि कुठे टिकून राहिली, याचाच इतिहास मला सांगायचा आहे.

या रीतीची पहिली मोठी कसोटी १५ ऑगस्ट २०१० ला लागली. बिटकॉइनचे व्यवहार सगळ्यांकडे असलेल्या एका वहीत, ब्लॉक नावाच्या पानांच्या साखळीत, नोंदले जातात; त्यातल्या ७४,६३८व्या ब्लॉकमधल्या एका व्यवहारातून सुमारे १८,४४६ कोटी बिटकॉइन तयार झाले. या चलनाचा पायाच असा की सगळी नाणी मिळून कधीही २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत. ठरावीक मर्यादेपलीकडची बेरीज संगणक भलतीच करतो, आणि त्या बेरजेची तपासणी प्रोग्रॅममध्ये राहून गेली होती. जेफ गार्झिक या प्रोग्रॅमरला तो ब्लॉक विचित्र वाटला, त्याने तसं सगळ्यांसमोर लिहिलं, आणि काही तासांत दुरुस्त प्रोग्रॅम आला. खोट्या नाण्यांची साखळी मागे पडली, खरी पुढे गेली. आमच्याकडे अपहार सापडतो तो बहुतेक वेळा वर्षअखेरीनंतर, कधी कधी तर ठेवीदारांची रांग दारात लागल्यावर. इथे त्याच दिवशी सापडला, कारण वही प्रत्येकाकडे होती आणि ती वाचायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

पुढच्या वर्षापासून बिटकॉइनच्या प्रोग्रॅमची नक्कल करून नवी नाणी निघू लागली. २०११ मध्ये नेमकॉइन आणि लाइटकॉइन आली, आणि २०१३-१४ पर्यंत तर इंटरनेटवरच्या चर्चामंचावर रोज नव्या नाण्याची घोषणा व्हायची. घोषणेखाली लोक प्रश्न विचारायचे, आणि त्या प्रश्नांना हळूहळू एक ठरलेला क्रम आला. मायनिंगचा, म्हणजे नवी नाणी काढण्याचा, प्रोग्रॅम सगळ्यांना एकाच वेळी दिला का? लोकांसमोर येण्याआधीच कर्त्यांनी स्वतःसाठी किती नाणी काढून ठेवली? मूळ प्रोग्रॅम वाचायला खुला आहे का? दुसऱ्याकडून काय उचललं, आणि ते कबूल केलं का? यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत तिखट. आज डॅश नावाने ओळखलं जाणारं नाणं जानेवारी २०१४ मध्ये निघालं, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत जवळपास वीस लाख नाणी बाहेर पडली. कर्त्याने ती प्रोग्रॅममधली चूक असल्याचं सांगितलं. अनेकांनी ते मानलं नाही. हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. मला त्यातला निवाडा करायचा नाही. नाणं घेणाऱ्याला ही गोष्ट आधी कळण्याची सोय होती, एवढं मला पुरेसं आहे.

२०१४ चं बाइटकॉइनचं प्रकरण मात्र मी नव्या लेखापरीक्षकांना शिकवायलाही घेईन. हे नाणं लोकांसमोर आलं ते एका सुरस हकिगतीसह. म्हणे ते २०१२ पासूनच चालू होतं, इंटरनेटच्या अंधाऱ्या भागात गुपचूप वापरलं जात होतं, आणि आता उजेडात येत होतं. त्यामागचं तंत्र खरोखर चांगलं होतं. कुणी कुणाला दिले हे लपवण्याची त्यातली युक्ती तज्ज्ञांनाही आवडली. पण हकिगतीबरोबर एक आकडाही आला: एकूण नाण्यांपैकी सुमारे ८२ टक्के आधीच काढली गेली होती. ती कुणाकडे होती हे कुणी सांगेना.

मग लोकांनी जे केलं ते मुळापासूनचं परीक्षण होतं. दोन वर्षं वापरात असलेल्या चलनाची कुठेतरी जुनी खूण राहायला हवी, एखादा उल्लेख, एखादी तक्रार, एखादं भांडण. ती शोधली गेली. निबंधांवर छापलेल्या तारखा आणि त्या फाइलींच्या पोटात संगणकाने आपोआप केलेल्या नोंदी यांचा मेळ लागत नाही, असं सविस्तर मांडणारं लेखन झालं. मायनिंगचा प्रोग्रॅम वाचणाऱ्यांना त्यात गरज नसलेली वळणं दिसली. ती काढली की तोच प्रोग्रॅम कितीतरी पट वेगाने धावत होता. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड अँडरसन यांनीही तो प्रोग्रॅम हाताळून, तो मुद्दाम मंद केलेला दिसतो, असं लिहिलं. याचा अर्थ सरळ आहे. सगळ्यांना मंद यंत्र द्यायचं आणि वेगवान स्वतःकडे ठेवायचं.

इथपर्यंत दोष शोधणं झालं. याच काळात टाकलं गेलेलं दुसरं पाऊल आमच्या व्यवसायात कुणालाच टाकता येत नाही. तंत्र चांगलं, वाटप वाईट, मग तंत्र घ्या आणि वाटप पहिल्यापासून करा, असं ठरवून एप्रिल २०१४ मध्ये त्याच प्रोग्रॅममधून नवं नाणं काढलं गेलं. तेच आजचं मोनेरो. ज्याने ते सुरू केलं त्याने लोकांचं न ऐकता निर्णय रेटायला सुरुवात केली, तेव्हा वापरणाऱ्यांनी त्यालाही बाजूला केलं आणि कारभार हाती घेतला. परीक्षकांनी शेरा मारून थांबण्याऐवजी दुसरी संस्था उभी केली.

   

योग्य परीक्षण झालं म्हणजे नुकसान टळतंच असं मात्र नाही. इथेरियम या बिटकॉइनसारख्याच, पण प्रोग्रॅमही चालवणाऱ्या जाळ्यावर २०१६ मध्ये ‘द डीएओ’ नावाचा सामाईक निधी उभा राहिला. मे महिन्याअखेर त्यात सुमारे १५ कोटी डॉलर जमा झाले. २७ मे रोजी डिनो मार्क, व्लाद झाम्फिर आणि एमिन ग्युन सिरेर यांनी त्याच्या नियमांतल्या फटी दाखवून, काही काळ कामकाज थांबवा, असं जाहीर आवाहन केलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पीटर व्हेसेनेस यांनी अशा प्रोग्रॅममधली एक वेगळी, फार धोक्याची फट लिहून दाखवली: पैसे देण्याची नोंद होण्याआधीच पुन्हा पैसे मागता येतात. १२ जूनला निधी बांधणाऱ्या कंपनीने खुलासा केला की निधीला धोका नाही. १७ जूनला त्याच प्रकारच्या फटीतून ३६ लाख इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, काढून नेले गेले. खजिनदाराने पैसे आधी दिले आणि वहीत नंतर लिहिले, एवढीच ती गोष्ट. पतसंस्थेतला नवा कारकूनही हे करू नये असं पहिल्या दिवशी शिकतो. खुलासा वाचला की मला अजूनही त्रास होतो. फट दाखवणारा होता, दाखवलेलं खरं होतं, आणि मधले पाच दिवस तसेच गेले.

त्याच २०१६ च्या जून महिन्यात लंडनच्या वेम्बली अरीनात वेगळीच सभा भरली होती. वनकॉइन नावाचं नाणं विकणाऱ्या रुजा इग्नातोवा मंचावर आल्या, हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वनकॉइन लवकरच बिटकॉइनला मागे टाकणार असं त्यांनी सांगितलं. बल्गेरियातल्या सोफियाहून चालणाऱ्या या व्यवसायाकडे ब्लॉकचेन, म्हणजे ब्लॉकच्या साखळीची उघडी वही, नव्हतीच. नाण्याचा भाव कंपनी स्वतः ठरवायची आणि तो नेहमी वरच जायचा. अर्ध्या युरोपासून जवळपास तीस युरोपर्यंत गेला. हे उघड करणाऱ्यांत नॉर्वेचे ब्लॉकचेन तज्ज्ञ ब्यॉर्न ब्येर्के होते. त्यांना त्या वर्षी मोठ्या पगाराच्या नोकरीचा प्रस्ताव आला: चालू असलेल्या एका नाण्यासाठी ब्लॉकचेन बांधून द्या. चालू असलेल्या नाण्याला ती आधीच असायला हवी, हे त्यांनी ओळखलं, काम नाकारलं, आणि जाहीरपणे सांगितलं. त्याबद्दल त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

वनकॉइन आपल्यापासून दूर नव्हतं. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याच्या प्रचारसभेवर छापा घालून १८ जणांना अटक केली. युरोपातले अनेक देश तेव्हा इशाऱ्यांच्या पुढे गेले नव्हते. या कामगिरीची आठवण आपल्याकडेही फारशी कुणी ठेवलेली नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. इग्नातोवा त्याच वर्षी ऑक्टोबरात नाहीशा झाल्या. २०२२ मध्ये त्यांचं नाव एफबीआयच्या सर्वाधिक हव्या असलेल्या दहा जणांच्या यादीत आलं. एकूण फसवणूक सुमारे ४ अब्ज डॉलरची मानली जाते.

वेम्बलीत बसलेले हजारो लोकही स्वतःला समुदायच म्हणवत होते. एकमेकांना धीर देत होते, शंका घेणाऱ्याला द्वेष्टा ठरवत होते. त्यामुळे ‘लोक चांगलं म्हणतात’ या वाक्याला मी परीक्षण मानत नाही. ज्याचा पैसा अडकला आहे आणि ज्याला पुढचा सभासद आणल्यावर दलाली मिळणार आहे, त्याचं मत म्हणजे संचालकाने स्वतःच्या कर्जाला दिलेली मंजुरी आहे. बाइटकॉइन तपासणाऱ्यांकडे दोन गोष्टी होत्या ज्या वेम्बलीत नव्हत्या: समोर उघडी वही, आणि ज्यावरून निष्कर्ष काढला ती आकडेमोड वाचणाऱ्याला पुन्हा करून बघता येईल अशा रीतीने मांडण्याची सवय.

२०१७ मध्ये या सवयीवरच बाजाराने हात घातला. त्या वर्षी कागदी आराखड्यावर नाणी विकून कोट्यवधी डॉलर उभे राहू लागले, आणि परीक्षण हा विक्रीचा भाग झाला. घोषणेखाली चांगलं लिहिणं, तिचं आपल्या भाषेत भाषांतर करणं, आपल्या प्रत्येक संदेशाखाली जाहिरातीची पट्टी लावणं, टेलिग्रामवर गटात शिरणं, या प्रत्येक कामाला नाण्यांत मोबदला ठरलेला असायचा. प्रश्न विचारण्याच्या जागी स्तुतीचे ढीग पडले. तारे आणि गुण देणाऱ्या संकेतस्थळांचा सुकाळ झाला, आणि त्यांतली कित्येक ज्यांना गुण द्यायचे त्यांच्याकडूनच पैसे घ्यायची. जॉन मॅकॅफी यांनी तर एका प्रचारी ट्वीटचा आपला दर १,०५,००० डॉलर असल्याचं स्वतःच सांगितलं. सेंट्रा टेकची जाहिरात मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरने केली. त्या कंपनीचा दाखवलेला मुख्य कार्यकारी अधिकारी अस्तित्वातच नव्हता. बेनेबिट नावाच्या प्रकल्पाच्या टेलिग्राम गटात हजारो सभासद होते. जानेवारी २०१८ मध्ये कुणीतरी त्यांच्या ‘चमू’ची छायाचित्रं शोधून पाहिली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या मुलांच्या एका शाळेतल्या शिक्षकांची निघाली. दुसऱ्या एका प्रकल्पाने ग्राफिक डिझायनर म्हणून अभिनेता रायन गॉस्लिंगचा फोटो लावला होता. मे २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने अशा १,४५० प्रकल्पांचे कागद तपासले, तेव्हा २७१ प्रकल्पांत उचललेला मजकूर, खोटी माणसं किंवा अशक्य परताव्याची आश्वासनं अशा धोक्याच्या खुणा सापडल्या.

फोटो शोधणं, मजकूर जुळवून पाहणं, यातलं काहीच अवघड नव्हतं. ते करायला लागणारी वेळ आणि इच्छा यांची किंमत स्तुतीच्या मोबदल्यासमोर शून्य झाली होती.

आता पुणे. मी निगडीत राहते, आणि गेनबिटकॉइनबद्दलचा एक गुन्हा निगडी पोलीस ठाण्यातच दाखल झाला, एक दत्तवाडीला. योजना अशी: तुमचे बिटकॉइन द्या, आम्ही त्यातून मायनिंग करू, आणि दरमहा १० टक्के बिटकॉइन १८ महिने परत देऊ. एकाचे एक पूर्णांक आठ दशांश. २०१६-१७ मध्ये आमच्या भागात या योजनेचे कागद घरोघर फिरत होते. शेजारी, शाळेतले सहकारी, कंपनीतले मित्र, नातेवाईक हेच ते आणून देत होते.

त्या कागदावर साधा हिशेब करून बघता येत होता. जुलै २०१६ नंतर सगळ्या जगातल्या मायनिंगमधून दिवसाला सुमारे १,८०० नवे बिटकॉइन निघत होते. दर दहा मिनिटांना साडेबारा. जगात यंत्रं वाढतील तसा प्रत्येक यंत्राचा त्यातला वाटा घटत जातो. मग दीड वर्ष एकाच दराने, तेही बिटकॉइनमध्येच, परतावा देणार कुठून? दुसरी गोष्ट याहून सोपी होती. बिटकॉइनची वही जगाला उघडी आहे, पण सभासदाला दिसणारी शिल्लक त्या वहीत नव्हती, कंपनीच्या संकेतस्थळावर होती. एका शिक्षकांनी मला मोबाइलवर आपली शिल्लक दाखवली तेव्हा मी विचारलं, “सर, हे कंपनी म्हणतेय. मूळ वहीत तुमच्या नावचं कुठे आहे?” ते म्हणाले, “मॅडम, मला आणणाऱ्याला दर महिन्याला मिळतंय की.” त्यानंतर परतावा बिटकॉइनऐवजी कंपनीच्याच एमकॅप नावाच्या नाण्यात देणं सुरू झालं, आणि त्या नाण्याला बाहेर मोल उरलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये, खटला निकाली निघण्याआधीच, तो वारला.

भारद्वाजला अटक झाली त्याच सुमारास सुरतशी नातं असलेल्या बिटकनेक्ट या दुसऱ्या योजनेचा गाशा गुंडाळला गेला. दिवसाला सरासरी १ टक्का, हे त्यांचं गाजर. मी तेव्हा पाठकोऱ्या कागदावर करून बघितलं होतं: चक्रवाढीने तीन वर्षांत हजार डॉलरचे पाच कोटींहून जास्त होतात. इथेरियमचा निर्माता व्हितालिक ब्युटेरिनने नोव्हेंबर २०१७ मध्येच जाहीर म्हटलं होतं की दिवसाला १ टक्का देत असतील तर ती पॉन्झी योजना आहे. जानेवारी २०१८ मध्ये टेक्सासच्या नियामकाने मनाई केली, आणि दोन आठवड्यांत सगळं बंद झालं.

ब्युटेरिनचं म्हणणं, ब्येर्केंची साक्ष, बाइटकॉइनवरची ती सविस्तर आकडेमोड, हे सगळं गेनबिटकॉइनच्या ऐन भरात कुणालाही फुकट वाचायला मिळत होतं किंवा लवकरच मिळणार होतं. पण ते होतं इंग्रजीत. विकणारा मात्र आमच्या बैठकीच्या खोलीत बसून मराठीत बोलत होता, वहिनी आणि काका म्हणत. माझ्या सोसायटीतली माणसं लोभी होती, असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला राग येतो. त्यांच्यापर्यंत आश्वासन त्यांच्या भाषेत पोचलं आणि तपासणी पोचलीच नाही. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ ला या आभासी चलनांच्या धोक्याचा इशारा दिला होता, पण तो सगळ्याच चलनांबद्दलचा सर्वसाधारण इशारा होता. ही एक योजना, हा तिचा आकडा, आणि तो का जुळत नाही, असं एक पान मराठीत कुणी लिहिलं असतं तर ते निगडीच्या बसथांब्यावरही वाचलं गेलं असतं.

रीत मेली नाही. २०२० नंतर नाण्याचा करारच, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, इथरस्कॅनसारख्या संकेतस्थळावर उघडून वाचण्याची सवय वाढली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ मालिकेच्या नावाने निघालेल्या नाण्याबद्दल लोकांनी लगेच लिहिलं की विकत घेता येतंय पण विकता येत नाही. त्याच्या टेलिग्राम वाहिनीवर आणि ट्विटरवर कुणालाही उलट काही लिहायची सोय नव्हती; मला सावध व्हायला तेवढंच पुरलं असतं. १ नोव्हेंबरला भाव २,८६१ डॉलरवर गेला आणि काही मिनिटांत मातीमोल झाला. झॅकएक्सबीटी या टोपणनावाने कुणी एक जण पैशाचा माग काढतो, प्रत्येक व्यवहाराचा पत्ता देतो, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः मागे जाता येतं. २०२३ मध्ये त्याच्यावर बदनामीचा दावा झाला, तेव्हा वाचणाऱ्यांनी वकिलासाठी दहा लाख डॉलरहून जास्त वर्गणी गोळा केली, आणि पुढे तो दावा मिटला. परीक्षणाची किंमत मोजायला वाचकच पुढे आले, ही मला या सगळ्या इतिहासातली फार समाधानाची गोष्ट वाटते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आता मी एक पान लिहिते, कुणी नव्या नाण्याचा किंवा योजनेचा कागद आणला की त्यावर. वर योजनेचं आश्वासन, त्यांच्याच शब्दांत. मग त्याचा हिशेब, एकही पायरी न गाळता. कराराचा पत्ता कुठे बघायचा, मोठे हिस्से कितीजणांकडे आहेत, टाकलेले पैसे काढता येतात का, हे मोबाइलवर कसं शोधायचं तेही. खाली माझं नाव, तारीख, आणि त्या योजनेत माझे किंवा माझ्या घरच्यांचे पैसे आहेत की नाहीत. संघातल्या दोघी निवृत्त गणित शिक्षिका ते पान वाटलं जाण्याआधी मागून नेतात आणि सगळा हिशेब स्वतः पुन्हा करून बघतात.